पापणीची साक्ष : हैदराबादचा क्लोरोफॉर्म आयोग, मण्यारीचा दंश आणि मृत्यूची व्याख्या

१/
अतिदक्षता विभागातील रुग्ण जिवंत आहे की मेंदूने मृत झाला आहे, हे ठरवताना डॉक्टर कापसाच्या टोकाने त्याच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला हलकेच स्पर्श करतात. पापणी मिटली, तर मेंदूचा तळभाग अजून काम करीत आहे. मिटली नाही, तर? या एका प्रश्नाच्या इतिहासातील महत्त्वाचे पान निजामाच्या हैदराबाद राज्यात लिहिले गेले. आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता. त्या पापणीविषयीचा हा धागा.

२/
आधी मूळ कल्पना. तापलेल्या तव्याला बोट लागले की हात मागे येतो आणि चटका बसल्याची जाणीव त्यानंतर होते. संदेश त्वचेतून मज्जारज्जूकडे जातो आणि तेथूनच स्नायूला हुकूम सुटतो. मनाची परवानगी घेतली जात नाही. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. डोळा मिटणे, उजेडात बाहुली लहान होणे, घशाला काही लागताच उबळ येणे, गुडघ्याखाली ठोका पडताच पाय उडणे, ही सारी याच घराण्यातील भावंडे.

३/
वैद्यकाला या क्रियांचे महत्त्व वाटण्याचे कारण साधे आहे. तान्हे मूल बोलत नाही, बेशुद्ध माणूस सांगत नाही, आणि शुद्धीवर असलेला माणूस कधी भीतीने तर कधी लाजेने वेगळेच सांगतो. प्रतिक्षिप्त क्रियेला मात्र खोटे बोलता येत नाही. म्हणून ती मुक्या देहाची साक्ष ठरली. पण साक्ष खरी असली, तरी तिचा अर्थ लावणारा चुकू शकतो. या धाग्याचा विषय नेमका हाच आहे.

४/
एडिंबराचे रॉबर्ट व्हिट यांनी १७५१ मध्ये उजेडाने बाहुली आकुंचन पावण्याचा अभ्यास मांडला. १८३३ मध्ये मार्शल हॉल यांनी या क्रियांना शास्त्रीय चौकट दिली. १८७५ मध्ये जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी स्वतंत्रपणे गुडघ्याच्या ठोक्याचे निदानातील महत्त्व दाखवून दिले. तेव्हापासून लहानसा हातोडा डॉक्टरच्या साहित्यात कायमचा आला.

५/
१८९६ मध्ये पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी तळपायावर रेघ ओढण्याची परीक्षा सांगितली. प्रौढ माणसाचा अंगठा त्या वेळी खाली वळतो. तो वर उचलला गेला, तर मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणाऱ्या मार्गात बिघाड आहे असे समजावे. तान्ह्या बाळाचा अंगठा मात्र वरच जातो आणि ते पूर्णपणे निरोगी असते. खूण एकच, पण एका देहात ती आजार ठरते आणि दुसऱ्या देहात वाढीचा टप्पा. प्रतिक्षिप्त क्रियेला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो परिस्थितीवरून लावावा लागतो.

६/
आता क्लोरोफॉर्मकडे वळू. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरामध्ये जेम्स यंग सिम्प्सन यांनी हे औषध भुलीसाठी वापरले आणि वेदनारहित शस्त्रक्रियेची वार्ता जगभर पसरली. दोन-तीन महिन्यांतच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. शस्त्रक्रिया किरकोळ होती आणि मुलगी धडधाकट होती. मग ती मेली कशाने?

७/
पुढील अर्धे शतक डॉक्टरांमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणे, क्लोरोफॉर्म हृदय थांबवते, म्हणून नाडीवर बोट ठेवा. दुसरा तट म्हणे, आधी श्वास थांबतो आणि हृदय मागाहून, म्हणून श्वासाकडे पाहा. एडिंबराची परंपरा श्वासाच्या बाजूची होती. हा वाद पुस्तकी नव्हता. भूल देणाऱ्याने कोठे लक्ष ठेवायचे, यावर रोज टेबलावर निजणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून होता.

८/
या वादात एका प्रतिक्षिप्त क्रियेची मोठी धास्ती होती. भूल पुरती चढलेली नसताना चाकू लागला, तर वेदनेचा संदेश मेंदूच्या तळाशी जाऊन व्हेगस नावाच्या चेतेतून हृदयाकडे परततो आणि हृदय जागच्या जागी थांबते, असे अनेकांना वाटे. म्हणजे हात मागे घेणारी, जीव राखणारी यंत्रणाच येथे जीव घेणारी ठरत होती. ही भीती खरी की खोटी, हे प्रयोगाने ठरवायला हवे होते.

९/
ते काम हैदराबादने अंगावर घेतले. तेथे १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली होती. प्रारंभी तेथील शिक्षण उर्दूतून होई. १८८० च्या दशकात या शाळेची सूत्रे एडवर्ड लॉरी यांच्याकडे आली. लॉरी एडिंबराचे, शल्यविशारद जेम्स साइम यांच्या परंपरेतले, आणि 'श्वासाकडे पाहा' या मताचे कट्टर पुरस्कर्ते.

१०/
त्या काळी धाराशिवचा परिसर निजामाच्या राज्यातील नळदुर्ग जिल्ह्यात मोडत असे. १८५३ च्या तहाने हा मुलूख काही वर्षे इंग्रजांच्या ताब्यात गेला होता आणि कर्नल मेडोज टेलर यांनी नळदुर्गात राहून त्याचा कारभार पाहिला होता. १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला. पुढे मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून तो उस्मानाबाद झाला आणि २०२३ मध्ये त्याला धाराशिव हे नाव मिळाले. राज्याच्या वैद्यकाचे केंद्र मात्र हैदराबाद होते. तेथे जे ठरे, ते पुढे जिल्ह्यांकडे जाई.

११/
१८८८ मध्ये लॉरी यांच्या पुढाकाराने पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की श्वास नेहमी आधी थांबतो. लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकाने तो मान्य केला नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले. 'लॅन्सेट'ने आपला तज्ज्ञ पाठवावा आणि स्वतः खात्री करून घ्यावी, असा तो प्रस्ताव होता. युरोपातील वैद्यकीय वादाचा निकाल दख्खनमध्ये लावण्याची ही तयारी त्या काळात असामान्यच म्हटली पाहिजे.

१२/
१८८९ मध्ये टॉमस लॉडर ब्रंटन हैदराबादेत दाखल झाले. हृदयाला धोका आहे, असे मानणाऱ्यांपैकी ते एक होते. कुत्री, माकडे, शेळ्या, घोडे, मांजरे, ससे अशा सुमारे पाचशे प्राण्यांवर प्रयोग झाले. अनेकांच्या रक्तदाबाचे आलेख घेतले गेले. व्हेगस चेतेला मुद्दाम उत्तेजन देऊनही पाहिले. शेवटी ब्रंटन यांनी स्वतःचे मत बदलले आणि तारेने लंडनला कळवले की धोका गुदमरण्याचा व अतिमात्रेचा आहे, हृदयाला थेट धोका नाही.

१३/
या दुसऱ्या आयोगाच्या व्यावहारिक सूचनांमध्ये पापणी आली. बोटाच्या टोकाने डोळ्याच्या पृष्ठभागाला स्पर्श करावा. नकळत होणारी उघडझाप थांबली, की रुग्ण शस्त्रक्रियेस तयार झाला असे समजावे. त्यापुढे भूल वाढवू नये. अधूनमधून थोडा वास देऊन तीच अवस्था टिकवावी आणि श्वास थांबेपर्यंत औषध कधीही रेटू नये. म्हणजे पापणी हा थांबण्याचा दगड आणि श्वास हा सतत ऐकत राहण्याचा आवाज.

१४/
या नियमाचे मोल त्याच्या साधेपणात होते. त्यासाठी यंत्र लागत नव्हते. कापडाचा शंकू, औषधाची बाटली, एक बोट आणि सावध कान एवढ्या सामग्रीवर काम भागत होते. लॉरी यांच्या विद्यार्थ्यांमध्ये रूपाबाई फर्दुनजी या पारशी तरुणीचाही समावेश होता. पुढे त्यांनी हैदराबादच्या रुग्णालयांत अनेक वर्षे भूल देण्याचे काम केले. जगातील अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

१५/
पण मृत्यू थांबले नाहीत. १९११ पासून पुढील दोन-तीन वर्षांत गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची हलकी मात्रा असताना, विशेषतः रक्तात अॅड्रेनलीन वाढलेले असताना, हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते नुसते थरथरत राहते आणि बंद पडते. भेदरलेला रुग्ण आणि अर्धवट भूल हाच तो घातक मेळ. हॅना ग्रीनरसारख्या मृत्यूंचा उलगडा आता होऊ लागला. हृदयाला धोका नाही, हा हैदराबादचा निष्कर्ष अपुरा ठरला.

१६/
आयोगाची पापणीची सूचना चुकीची नव्हती. डोळ्याचा प्रतिसाद थांबला, याचा अर्थ मेंदूच्या तळाशी असलेला तो एक मार्ग गुंगला आहे. पण त्या मार्गाने हृदयाविषयी काहीच सांगितले नव्हते. प्रत्येक प्रतिक्षिप्त क्रिया फक्त आपल्या वाटेपुरती बोलते. साक्षीदाराने जे पाहिलेच नाही, ते त्याच्या तोंडी घातले की निकाल चुकतो.

१७/
पापणीचा पुढचा प्रवास भूलशास्त्रातच झाला. १९२० मध्ये अमेरिकेच्या आर्थर ग्युडेल यांनी डोळ्यांच्या हालचाली, बाहुल्या आणि श्वास यांवरून ईथरच्या भुलीच्या पायऱ्या ठरवल्या. १९४२ मध्ये माँट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेत क्युरारे वापरले. दक्षिण अमेरिकेतील बाणांचे हे विष स्नायू लुळे करते, पण मेंदूला झोप आणत नाही. आता पेच निर्माण झाला. माणूस जागा असूनही त्याचा एकही स्नायू उत्तर देणार नाही, अशी अवस्था डॉक्टरांच्या हाती आली होती.

१८/
दुसरा पेच व्हेंटिलेटरने उभा केला. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने हवा भरत त्यांचे जीव वाचवले. त्यातून अतिदक्षता विभाग जन्माला आले. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गुलों यांनी एक वेगळीच अवस्था वर्णन केली. यंत्रावर छाती हलते, हृदय चालते, पण मेंदूकडून कोणताही प्रतिसाद नाही. अशा माणसाला काय म्हणावे?

१९/
१९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने या अवस्थेचे निकष मांडले. समितीचे अध्यक्ष हेन्री बीचर हेही भूलतज्ज्ञच होते. सुरुवातीला त्यांनी शरीरातील सगळ्याच प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा झालेल्या असाव्यात, अशी अपेक्षा ठेवली. लवकरच लक्षात आले की मेंदू पूर्ण मृत झाल्यावरही मज्जारज्जू आपल्या पातळीवरच्या क्रिया करू शकतो. १९७६ मध्ये ब्रिटनने निकष मस्तिष्कस्तंभावर, म्हणजे मेंदूच्या देठावर, केंद्रित केले.

२०/
भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. ज्या मुलखाचे पूर्वज हैदराबादच्या पापणीच्या नियमाखाली होते, तो मुलूख आता महाराष्ट्राचा भाग म्हणून पहिल्या दिवसापासून या कायद्याखाली आला. कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने तपासणी करायची आणि किमान सहा तासांनी ती पुन्हा करायची.

२१/
तपासणीत काय काय येते? बाहुल्यांवर उजेड. डोळ्याच्या पडद्याला स्पर्श. डोके वळवल्यावर डोळ्यांची हालचाल. कानात थंड पाणी सोडून तीच हालचाल. घशाची उबळ, श्वासनलिकेतील खोकला. चेहऱ्याला वेदना देऊन प्रतिसाद. आणि शेवटी यंत्र बाजूला करून स्वतःहून श्वास येतो का, हे पाहणे. बोटाच्या टोकाऐवजी कापूस आला, पण १८८९ ची परीक्षा या यादीत आजही आहे.

२२/
तरीही या यादीपेक्षा तिच्या आधीचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मेंदूला इजा कशाने झाली, हे माहीत असलेच पाहिजे. गुंगीची औषधे, स्नायू लुळे करणारी द्रव्ये, विषबाधा, शरीर अतिथंड पडणे, रक्तातील रासायनिक बिघाड यांपैकी काहीही कारणीभूत नाही, याची खात्री करूनच पहिला स्पर्श करायचा. ही अट केवळ कागदावरची नाही, हे मराठवाड्यातील शेतात राहणारा कोणीही समजू शकेल. कारण तेथे मण्यार आहे.

२३/
मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज जवळपास येत नाही, खूण अनेकदा सापडतही नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, पापण्या जड होऊन खाली येतात. घरचे अपचन समजतात. मग गिळता येत नाही, मान सावरत नाही, आणि शेवटी छातीचे स्नायू थकतात. शेतमजूर, सालगडी, ऊसतोड कामगारांच्या पालांत निजणारी मुले यांना हा धोका सर्वाधिक.

२४/
मण्यारीचे विष चेतातंतूच्या टोकावर घाव घालते. संदेश मेंदूतून निघतो, तारेतून येतो, पण स्नायूच्या दाराशी अडतो. क्युरारेने जे केले, तेच हे विष अधिक खोलवर आणि अधिक काळ करते. गुडघा उडत नाही, पापणी मिटत नाही, डोळे वळत नाहीत, बाहुल्याही विस्फारून स्थिर राहू शकतात. हातोड्याच्या आणि कापसाच्या कसोटीवर हा माणूस मृतवत ठरतो. प्रत्यक्षात मेंदू शाबूत असतो आणि उशाशी चाललेले रडणे त्याला ऐकू येत असण्याची शक्यता असते.

२५/
मेंदू मृत झाल्यासारखे भासणारे आणि पुढे चालत घरी गेलेले मण्यारदंशाचे रुग्ण भारतीय डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत. त्यांना वाचवणारी गोष्ट म्हणजे वेळेवर मिळालेला श्वास. प्रतिविष लवकर द्यावेच लागते, पण चेतातंतूंच्या टोकांवर एकदा झालेली हानी ते भरून काढू शकत नाही. ती टोके नव्याने सावरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर यंत्राने श्वास चालू ठेवणे, हाच उपचार.

२६/
येथे भूगोल आडवा येतो. नीती आयोगाने २०१८ मध्ये निवडलेल्या महाराष्ट्रातील चार आकांक्षित जिल्ह्यांमध्ये उस्मानाबाद होता. भूम-परंड्याच्या एखाद्या वस्तीवरून व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास लांब असतो आणि त्या वाटेवर हाताने दाबायची श्वासपिशवीच जीव धरून ठेवते. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले.

२७/
या खेड्यांच्या बाजूने शास्त्र उभे करणाऱ्यांत डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव अग्रभागी आहे. जन्माने मराठवाड्याच्या जालना जिल्ह्यातले, कर्मभूमी कोकणातील महाड. विंचूदंशावरील त्यांचे संशोधन जगाने वाचले, आणि ग्रामीण भागातील मण्यार व नागाच्या दंशांची लक्षणे व उपचार यांवरही त्यांनी लिहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या यंत्रांच्या अभावी रुग्णाचे शरीर नीट वाचणे, ही लॉरींच्या काळातील शिस्त त्यांच्या कामातही दिसते.

२८/
या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच कठीण आहे. सोलापूर–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग-उमरग्यातून जातो, तर सोलापूर–धुळे महामार्ग तुळजापूर-धाराशिववरून. अपघातात डोक्याला मार बसलेल्या तरुणाचे कारण स्पष्ट असते, स्कॅनमध्ये मेंदूतील रक्तस्राव दिसतो, दोन्ही तपासण्यांत पापणी मिटत नाही आणि श्वास येत नाही. तो कायद्याने आणि वैद्यकाने मृत असतो. पण त्याची छाती यंत्रावर हलते, आणि एखाद्या वेळी हाताची बोटेही हलतात.

२९/
ती हालचाल मज्जारज्जूची असते. परतीचा निरोप तिच्यात नसतो. आई-वडिलांना मात्र ती आशा वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी घाईने बोललेले एक वाक्य कायमचा संशय मागे ठेवते. मण्यारीच्या रुग्णाजवळ 'हालचाल नाही, पण जीव आहे' हे सांगावे लागते, तर येथे 'हालचाल आहे, पण जीव नाही'. दोन्ही वाक्ये खरी आहेत. दोन्ही ठिकाणी डोळ्यांना दिसते ते पुरेसे नसते.

३०/
धाराशिवमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी हातोडा हाती घेतील, तेव्हा क्रिया कशी घडवावी हे त्यांना काही आठवड्यांत जमेल. ती घडली नाही, तर आधी कोणते प्रश्न विचारावेत, हे शिकायला वेळ लागतो. रात्री जमिनीवर झोपला होता का? पहाटे पोट दुखले का? काही औषध घेतले होते का? पापणीने मौन पाळले, तर तिच्या मौनाचे कारण घरच्यांनाच विचारावे लागते.

३१/
१८८९ च्या आयोगाने पापणी बरोबर वाचली आणि हृदयाविषयी अपुरा निकाल दिला. १९६८ च्या समितीने मज्जारज्जूकडून नको ती अपेक्षा केली आणि नंतर ती सुधारली. कायद्यातील दोन तपासण्या, त्यांमधील सहा तास आणि विषाची शक्यता आधी वगळण्याची अट, ही अशा चुकांतून आलेली सावधगिरी आहे. मण्यारीने चावलेला एखादा मजूर जेव्हा आठवड्याने डोळे उघडतो, तेव्हा त्या सावधगिरीची किंमत कळते.

(धागा समाप्त)